उपाशी पोटी रक्त नको

माझी जीभ तिखट. पेणच्या रक्तपेढीत मी कित्येक वर्षं सुया टोचल्या, पण घाबरलेल्या पोरांना गोडीगुलाबीनं समजावणं मला कधी जमलं नाही. "सुईकडे बघू नको, माझ्याकडे बघ. हवं तर मला शिव्या दे," असं म्हणायचे. पोरं हसायची. हसली की अंग सैल सोडायची, आणि माझं काम होऊन जायचं.

कासू गावची ती मुलगी मात्र हसेना. वय विशीचं, शेतात राबून दंड घट्ट झालेले. वरच्या वॉर्डात तिची थोरली बहीण बाळंत झाली होती आणि रक्त जायचं थांबत नव्हतं. दोघींचं रक्त जुळलं होतं. आमच्याकडे त्या गटाची एकही पिशवी नव्हती, रोह्याला विचारलं तर तिथंही नव्हती. डॉक्टरांचा दुसरा निरोप येऊन गेला होता: लवकर.

मुलगी खाटेवर आडवी झाली. हात गार, ओठ सुकलेले. मी दंडाला पट्टा बांधला.

"जेवलीस ना गो?"

"व्हय."

"काय खाल्लंस?"

तिनं दाराकडे पाहिलं. दारात तिची आई उभी होती. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि डोकं फिरलंच.

"खरं बोल!"

"काल दुपारपासून काय नाय खाल्लं," ती पुटपुटली.

"रगत म्हंजी दान," आई म्हणाली. "दानाला कोन जेवून बसतं? देवाला बोललेय मी. हिनं रगत देईपर्यंत उपास धरायचा, म्हंजी थोरली उठंल."

मी पट्टा सोडला. "अहो मावशी, ही अर्ध्यावर चक्कर येऊन पडली तर पिशवी फुकट जाईल! मग वरच्या पोरीला काय देऊ, माझं कपाळ? आधी खायला घाला हिला."

"उपास मोडला नि थोरलीला काय झालं तर? तू भरून देशील, बाय?"

मुलगी रडायला लागली. आता तिला सुईचं नाही, घासाचं भय वाटत होतं. ताईला काही झालंच तर जन्मभर त्या घासाला दोष देत बसली असती. सुईच्या भयावर माझी जीभ चालायची, या भयावर नाही. जिन्यावर पावलं वाजली. तिसरा निरोप.

आई आत आली. कापडी पिशवीतली भाकरी काढली, तुकडा मोडला आणि लेकीच्या तोंडाशी धरला.

"खा. तुझा उपास मी घेतला, थोरली उठंपर्यंत. काय झालं तर माझ्या डोक्यावर, तुझ्या नाय."

मुलीनं खाल्लं. वर तांब्याभर पाणी प्यायली. मी घड्याळाकडे बघत तिला थांबवलं. ती मिनिटं मला जाता जाईनात. मग सुई घातली. तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत. पिशवी भरली आणि मी स्वतः ती घेऊन वर धावले.

तिसऱ्या दिवशी थोरली उठून बसली, धाकटी तिच्या उशाशी होती. मी पेज घेऊन गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पार उतरलेला. तीन दिवस ती नुसत्या पाण्यावर होती. मी वाटी तिच्यापुढे धरली.

"आधी त्या दोघी," ती म्हणाली.

दोघी जेवल्या. मग तिनं वाटी तोंडाला लावली. मी जिन्यात येऊन पोटभर रडून घेतलं.