टाका न धरणारी कातडी

शिलाईच्या मशीनखाली चिंध्या साचतात ना, तसे किस्से साचतात. कापताना कोणी मोजत नाय. झाडायला वाकलं की कळतं, अरे, ह्याची तर गोधडी होईल! औरंगपुऱ्यात चाळीस वर्षं कपडे शिवले, तिथं जमले नाहीत एवढे किस्से दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या बाकड्यावर आठ महिन्यांत जमले. मानेतली गाठ काढली, वरून रेडिएशनचे शेक दिले. कॅन्सर गेला म्हणे. जाताना हनुवटीखाली एक जखम ठेवून गेला, आठवण राहावी म्हणून! ती काही भरायचं नाव घेईना.

मी चौथी पास, तेही मास्तर माझ्या तोंडाला कंटाळले म्हणून. डॉक्टरांना सरळ म्हणलं, "साहेब, एवढी लांबण कशाला? चार टाके मारा न् मोकळे व्हा!"

ते म्हणाले, "शेकांमुळं तिथला रक्तपुरवठा कमी झालाय. कातडी टाका धरत नाही."

"म्हंजे इस्त्रीनं करपलेलं कापड!"

"अगदी तसंच! तुमच्याकडं असं कापड आलं तर काय करता?"

"गिऱ्हाइकाला सांगतो, तुम्ही आणलं तव्हाच करपलेलं होतं!"

डॉक्टर हसले आणि लगेच मुद्द्यावर आले. अजून दोन महिने वाट पाहायची. तोवर नाय भरली तर छातीचं मांस वळवून मानेला थिगळ लावायचं. एवढं मोठं ऑपरेशन, ह्या वयात! जगाच्या पाटलोणींना हसत हसत थिगळं लावली. स्वतःच्या थिगळाचं नाव निघाल्यावर मात्र टोपी उचलली न् थेट घर गाठलं.

*

भेटायला येणारे सगळे अर्धे डॉक्टर! एकदा पडेगावचे व्याही आणि पैठणचा मावसभाऊ एकाच वेळी टपकले. व्याही म्हणाले, "जखमेला हवा लागू द्या." भाऊ म्हणाला, "हवा अजिबात लागू देऊ नका!" मी बिचाऱ्यासारखं तोंड करून विचारलं, "मग मी नेमकं कोणाचं ऐकू?"

अर्धा तास भांडले. चहा न पिता, एकमेकांकडं न बघता निघून गेले. जखमेला तेवढीच शांतता!

*

बाकड्यावर माझ्या शेजारी खालिदभाई बसायचे, पूर्वीचे रिक्षावाले. त्यांच्या गालाचं ऑपरेशन झालेलं, आतून छातीच्या कातडीचं थिगळ. छातीवर केस, म्हणून आता गालाच्या आतही केस! मी विचारलं, "खालिदभाई, दाढी कौनसी बनाते, अंदर की का बाहर की?"

खालिदभाई गंभीरपणे म्हणाले, "बाहर की हज्जाम काटता, अंदर की डाक्टर. दोनों एकच बात बोलते मियाँ, मुंडी नक्को हिलाव!"

मी हसलो खरा. पण घरी येऊन शर्टाची बटणं काढली आणि आपल्या छातीकडं जरा वेळ बघत बसलो.

*

सखारामबापूंची जखम पोटरीवर. सिस्टरनं दम दिलेला, "तंबाखू सोडा, नाहीतर जखम भरायची नाही!" बापू दर वेळी देवाची शपथ घ्यायचे, "सोडली जी!" एक दिवस पट्टी उलगडताना वरच्या घडीतून तंबाखूची पुडी सिस्टरच्या हातात आली.

"बापू, हे काय?"

"अवो, तोंडाला नाय लावली, पायाला बांधलीय!"

*

एक समुपदेशक ताई आल्या. नवीनच होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, "काका, जखमेशी मैत्री करा."

"नको ताई. मैत्री केली तर मुक्कामच ठोकील!"

*

दोन महिने संपत आले. घरी ड्रेसिंग आमची मंडळी करायची. हनुवटीखालचं मला आरशात धड दिसत नाय, म्हणून मीच माझा शिंप्याचा टेप तिच्या हातात दिलेला. जखम बारा सूत, म्हंजे दीड इंच. रोज पट्टी बदलताना ती टेप जखमेला न लावता वरच्यावर धरायची आणि म्हणायची, "आज एक सूत कमी हाय बरं का!"

टेप दिल्यापासून तेराव्या दिवशीही तेच. "आज बी एक सूत कमी!"

माझ्या हिशोबानं जखम कालच संपली होती. आता चांगल्या कातडीला कात्री लागली! जन्मभर जगाची टर उडवली, पण त्या दिवशी एवढंच म्हणलो, "व्हय का? लई झकास."

ठरल्या दिवशी दवाखान्यात गेलो. ती म्हणाली, "मी बाहेरच बसते." आत डॉक्टरांनी मोजलं, पुन्हा मोजलं. जखम निम्मी भरली होती, कडेनं गुलाबी कातडी धरली होती.

"थिगळ रद्द!" डॉक्टर म्हणाले.

मी मुद्दाम तोंड पाडून बाहेर आलो.

"काय म्हणले?"

"वाढली म्हणतात. ऑपरेशन करावं लागंल."

ती उठली. पिशवीतून माझा टेप काढला आणि सरळ केबिनमध्ये घुसली. बाहेर बाकड्यापर्यंत आवाज आला,

"डॉक्टरसाहेब, तुमचा टेप खोटा हाय! मी रोज मोजते!"