नर्मदाबाईचं डोकं किती भरलं

नर्मदाबाईचं एक 'हां' होतं. ते नुसतं कागदावर लिहून उपयोग नाही, म्हणून दाखवावं लागतं. ओठ न उघडता, नाकातून, मान किंचित वर. सेलूकडचा मेंढरांचा व्यापारी दारात बसून भाव सांगायचा आणि ती म्हणायची, "हां." ते हां कधी होकार असायचं, कधी "ऊठ आता" असायचं, आणि कोणतं ते कळेपर्यंत तो बिचारा चहाचा रिकामा कप तोंडाला लावत बसायचा.

पोखर्णीच्या रस्त्यावरून आत वळलं की आमची वाडी लागते. एवढा मोठा कळप इथं आता तिचाच राहिलेला. नवरा गेल्यापासून सगळा कारभार तिच्या हातात. शेतातला माल निघाला की शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात; ती कोणाच्या रानात बसवायची, कोणतं कोकरू ठेवायचं, कोणतं द्यायचं, ती सांगेल ते. तिचा मुलगा मल्हार याला मेंढरं नको होती. त्याला कळप विकून पिकअप घ्यायची होती. त्याचं म्हणणं, ह्या वयात काठी घेऊन फिरायलो तर लोक हसायलेत. नर्मदाबाईचं उत्तर ठरलेलं होतं: "मी हाय तवर मेंढरं हायती." आणि व्यापारीही तिच्या शब्दाशिवाय एक शेपूट धरायचा नाही. म्हणजे भांडण फक्त एवढंच होतं, की 'मी हाय' म्हणजे कुठवर.

अशात मागच्या पावसाळ्यात टॅबवाल्या ताई आल्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. हातात टॅब घेतलेलं माणूस फाट्यावर दिसलं की आमची वाडी बारीक होते. पक्की भिंत कच्ची होते, बोअरचं पाणी आटतं, कमावतं पोरगं बेकार होतं, म्हशी दोन असतील तर एक शेजाऱ्याची होते. याला कोणी खोटं म्हणत नाही. विचारणारा सरकारी, मग सांगणारा गरीब, हे ठरलेलंच. पोखर्णीला ऑनलाइन अर्ज भरून देणारा बालाजी दोन दिवस आधीच येऊन सांगून गेला होता. बालाजी बोलतो भराभर, आणि दर वाक्याला एक 'समजलं का' ठोकतो. "म्हाताऱ्या बायांचं डोकं तपासायलेत, समजलं का. ज्यांचं चालत न्हाई त्यांना पगार सुरू व्हणार, समजलं का. तवा जरा इसरल्यावानी करा, समजलं का." पगार म्हणजे निराधारांना मिळतो तसा, महिन्याच्या महिन्याला. त्याला हे कोणी सांगितलं, हे कोणी विचारलं नाही.

ताईंचं नाव अर्पिता. पुण्याच्या कुठल्या संस्थेकडून आलेल्या. वय झाल्यावर बायकांची आठवण किती राहते, यावर संशोधन होतं त्यांचं. आवाज असा, की तापाची गोळीसुद्धा कडू लागू नये. "आजी, मी तुम्हाला अगदी सोपे प्रश्न विचारणार आहे हं. यात बरोबर-चूक असं काही नसतं." एवढं सांगून त्या दर उत्तराला टॅबवर बरोबर नाहीतर चूक दाबायच्या.

पहिली बसली शेजारची बायनाबाई. तिनं वार चुकवला, महिना चुकवला, जिल्हा सोलापूर सांगितला, शेवटी स्वतःचं नावही आठवेना म्हणाली. तेवढ्यात नातू तिची चप्पल घेऊन पळाला, तर त्याला आडनावासकट, बापाच्या नावासकट शिव्या घातल्या आणि परत येऊन विसरायला बसली. बाकीच्याही तशाच. कोणी 'आं?' करून, कोणी डोळे मिटून.

पण नर्मदाबाईनं जे केलं, ते वाडीत कोणालाच जमलं नसतं. ताईंनी तीन शब्द दिले, चेंडू, छत्री, पेरू, आणि थोड्या वेळानं विचारले. ही ताईंकडं एकटक बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "तू कोणाची गं? कवा आलीस?" घड्याळ काढा म्हटलं तर गोल काढून मधे भाकरीचा पापुद्रा काढला. मग ताई म्हणाल्या, मिनिटभरात आठवतील तेवढ्या जनावरांची नावं सांगा. जन्म मेंढरांत गेलेली बाई. ती म्हणाली, "कुत्रं." बराच वेळ छताकडं पाहिलं. मग म्हणाली, "आन् दुसरं कुत्रं."

तीसपैकी नऊ भरले.

अर्पिताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मल्हारला बाजूला घेतलं आणि त्याच गोड आवाजात तीन गोष्टी सांगितल्या. आईंना एकटं लांब पाठवू नका. मोठे व्यवहार त्यांच्यावर सोपवू नका. परभणीला डॉक्टरांना दाखवून घ्या, ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. मल्हारनं यातली मधली तेवढी नीट ऐकली.

त्या संध्याकाळी पारावर नर्मदाबाईनं सगळा तमाशा पुन्हा करून दाखवला. दुसऱ्या कुत्र्यापाशी बायनाबाई हसून हसून आडवी झाली.

पगार काही सुरू झाला नाही. दुसरंच सुरू झालं. चष्मा कपाळावर ठेवून ती चष्मा शोधायची, ते आधीपासूनच. पण आता मल्हार बायकोकडं बघायचा. आमटीत मीठ जास्त पडलं की सून दीपिका पळी काढून घ्यायची. दीपिका वाईट नव्हती, उलट जास्तच चांगली वागायला लागली होती, आणि तेच वाईट होतं. "आत्याबाई, राहू द्या, तुमी बसा. ताई काय म्हणल्या व्हत्या?" मल्हारनं भावकीत सांगितलं, आईचं डोकं गेलंय, आमी न्हाई म्हणत, मशिनीत आलंय. भावकीनं माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, मागं लग्नात तिनं मला ओळखलंच नव्हतं. ते तर मुद्दाम ओळखलं नव्हतं, पण आता तेही हिशेबात धरलं गेलं.

मग व्यापारी आला, आणि पहिल्यांदा तोंड मल्हारकडं करून बसला. भाव सांगितला. मागून नर्मदाबाई म्हणाली, "हां." तो चहा पीत राहिला.

त्या दिवशी तिनं मल्हारला धरलं. म्हणाली, आरं, मी सोंग केलं व्हतं, बालाजीनं सांगितलं व्हतं म्हणून. साऱ्या वाडीनं केलं. मल्हार हसलाही नाही. म्हणाला, "आई, ज्याचं डोकं जातं ना, ते बी असंच म्हणतं."

चूप बसली तर बुद्धी मंद, चिडली तर डोकं फिरलेलं. एकच आशा होती. ताई जाताना बोलल्या होत्या, हिवाळ्यात परत येणार, हेच प्रश्न पुन्हा विचारायला, म्हणजे माप बरोबर आहे का ते कळतं. ज्या मशिनीनं नेलं तीच परत देईल, असं धरून नर्मदाबाई बसली. मल्हारकडून तिनं एवढाच शब्द घेतला, की ताई येऊन जाईपर्यंत मेंढरं हलवायची नाहीत. त्यानं दिला. त्याला खात्री होती.

ताई आल्या, तेव्हा ती धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर आधीच येऊन बसली होती. वार, महिना, जिल्हा. चेंडू, छत्री, पेरू. शंभरातून सात, त्यातून सात, खाली खाली उतरत गेली. घड्याळ काढलं, काटे बरोबर लावले. जनावरं सांगायला लागली ती मिनिट संपल्यावरही थांबेना. अठ्ठावीस भरले.

अर्पिताताई टॅबकडं बघतच राहिल्या. नर्मदाबाई म्हणाली, "बाई, पयल्यांदा मी सोंग केलं व्हतं. पगारासाठी. समद्यांनीच केलं. आता मपलं डोकं ठीक हाय, एवढं लिवून दे."

ताई मनानं सरळ. त्या उठल्या आणि खरंखोटं करायला शेजारी गेल्या. बायनाबाई नुकतीच त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा स्वतःचं नाव विसरून बसली होती. तिचा पगार अजून यायचा होता. बालाजी म्हणाला होता, फाईल वर गेलीय. सोंग होतं म्हटलं, तर फाईल खाली आली असती.

"सोंग?" बायनाबाई म्हणाली. "आमी कशाला सोंग करू माय? मला खरंच कायबी आठवत न्हाई. ती नर्मदा आसंच बरळती आता. तिच्या मनावर घिऊ नका."

आणि तिच्या ओट्यावर जमलेल्या सगळ्या बायांनी, ज्या पारावर दुसऱ्या कुत्र्याला हसल्या होत्या त्यांनी, माना डोलावल्या.

ताईंनी पुण्याला सरांना फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून सरांचाही आवाज सापडला: घसा साफ करत, शब्द मोजून टाकणारा. बाकीच्या बायांचे आकडे दोन्ही वेळी जवळपास सारखे आहेत ना? मग ते विश्वासार्ह. नऊचे अठ्ठावीस होत नसतात, या बाईंची घरच्यांनी तयारी करून घेतलेली दिसते. ही केस वगळा.

ताई परत येऊन नर्मदाबाईजवळ बसल्या. तिचा हात हातात घेतला. "आजी, आम्हाला तसं लिहून देता येत नाही. आमचं फक्त संशोधन असतं. तुमचे आकडे आम्ही धरणार नाही आता, पहिलेही आणि आजचेही. समजा, आम्ही तुम्हाला काही विचारलंच नव्हतं."

"पण तू इचारलं व्हतंस," नर्मदाबाई म्हणाली.

ताईंनी तिचा हात सोडून टॅब पिशवीत घातला. जाताना त्यांनी मल्हारला सांगायचा प्रयत्न केला, की आईंची पहिली चाचणी ग्राह्य धरू नका. मल्हारनं विचारलं, मग दुसरी खरी का? ताई म्हणाल्या, तसंही नाही म्हणता येत. तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या."

व्यापाऱ्याची गाडी दोन दिवसांनी दारात लागली. फळी टाकून मेंढरं चढवायला सुरुवात झाली. नर्मदाबाई म्हणाली, ती पांढऱ्या कानाची गाभण हाय, तिला मधी दाबू नका, कडंला घ्या. व्यापाऱ्याचा माणूस थांबला आणि मल्हारकडं बघायला लागला.

"चढव तू," मल्हार म्हणाला. "ती बोलत असती."

तेव्हा तिनं त्या मेंढीचा मागचा पाय धरला. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसता धरून ठेवला. मेंढी फळीवर अडली आणि मागची रांग तिथंच थांबली. ओट्यावर बाया उभ्या होत्या. बायनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, लय वाईट झालं हो, किती हुशार बाई व्हती. आणि खरं सांगतो, त्यात सोंग नव्हतं. इतके महिने तेच म्हणून म्हणून तिला ते पटलं होतं.

दीपिका पुढं आली. सासूशेजारी उकिडवी बसली आणि लहान पोराच्या मुठीतून खडा काढावा तशी एकेक बोट सोडवायला लागली. "सोडा बरं आत्याबाई. शहाण्या हाव ना तुमी? सोडा."

नर्मदाबाईनं तिच्याकडं पाहिलं. धरून ठेवलं तर वेडी, हे तिला कळत होतं.

तिनं सोडलं.