शेळ्यांची बेरीज

जानेफळपासून थोडं आत असलेल्या एका गावात मी चौथीपर्यंतच्या शाळेवर आहे. आमच्याकडे संगणक एकच. केंद्रप्रमुख साहेबांनी बजावलं होतं, पोरं तो वापरत नसतील तर मेहकरच्या मोठ्या शाळेला देऊन टाकू. बुधवारी बघायला येतो. मी छाती फुगवून म्हणालो, "साहेब, आमची पोरं एक्सेल करतात." तेव्हा एक्सेल मलाच धड येत नव्हतं.

एका संगणकापुढे अख्खी चौथी बसवायची कशी? मी मैदानावर फक्कीनं चौकटी आखल्या, कबड्डीला आखतो तशा. चौकटीला म्हणायचं घर. पोरं एकाखाली एक घरात उभी. ज्याच्याकडे जितक्या शेळ्या, तितके चिंचोके त्याच्या मुठीत. सगळ्यांत खालचं घर बेरजेचं. तिथली मुलगी वरच्या मुठी मोजायची आणि तितके चिंचोके डब्यातून स्वतःच्या ओंजळीत घ्यायची. मग तेच आत जाऊन पडद्यावर. ही युक्ती मला इतकी आवडली, की पुरस्काराचं भाषणही मी मनात रचून ठेवलं.

बुधवारी साहेब आले. पोरांना करू द्यायचं सोडून मीच ऐटीत खुर्चीवर बसलो. खालच्या घरात बेरजेचं सूत्र घातलं आणि त्यात घ्यायचे शेळ्यांचे आकडे माऊसनं वरून खाली निवडत आणले, ते थेट त्याच बेरजेच्या घरापर्यंत. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं. न वाचता ओके दाबलं. खाली उमटलं शून्य.

"काऊन हो सर," साहेब म्हणाले, "गावातल्या शेळ्या गेल्या कुठं?"

"व्होल्टेज कमी आहे, साहेब."

"व्होल्टेज नाही, सर," मागून बेरजेच्या घरातली मुलगी म्हणाली. "तुमी बेरजेच्या घरालेच बेरजेत घेतलं."

साहेब तिच्याकडे वळले. "मंग काय होते?"

"मंग संपतच नाही. मी मैदानात एकदा माह्या ओंजळीतले चिंचोकेबी मोजले. आकडा वाढला, म्हणून अजून घेतले. मंग तेबी मोजा लागले. डबा खाली झाला, तरी बेरीज होईना."

"तवा सर काय करत होते?"

"चहा पेऊन राह्यले होते."

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"सरका, सर," म्हणत तिनं मला उठवलं, शेवटचं घर वगळलं आणि बेरीज आणली. तेवढ्यात एक पोरगा पुढे घुसला. "माह्या घरी तीन नाही वं, पाच लिव. सकाळीच शेळी व्याली, दोन पिल्लं झाली." तिनं तीनाचे पाच केले. खालचा आकडा आपोआप दोनानं वाढला. साहेबांनी बोटांवर मोजून खात्री केली. पोरांना त्यात काहीच नवल वाटलं नाही, आणि माझा ऊर मात्र शर्टात मावेना.

"संगणक इथंच राहू द्या," साहेब म्हणाले. मग गाडीला किक मारता मारता, "अन् सर, तुमीबी मैदानात उभे राहत जा."

दुसऱ्या दिवशी राहिलो. त्या मुलीनंच मला एका घरात उभं केलं. माझ्याकडे शेळी नाही, म्हणून रिकाम्या मुठीनं. इतक्या रुबाबात मी आजवर कुठंच उभा राहिलेलो नाही.