पंचमीची कात्री

तुझी ही श्रद्धा आहे की नुसती भीती, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं, तर मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते. शिराळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर माझ्याइतकी कडक नागपंचमी कुणी पाळत नाही, असा माझा तोरा होता. आईनं लहानपणी सांगितलं होतं, की नागोबा हा बहिणींचा भाऊ; त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, नाहीतर घाव आपल्या भावाला लागतो. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. आदल्या दिवशी त्याच्या नावाचा उपवास आणि पंचमीला विळी, सुरी, कात्री सगळं फडक्यात बांधून माळ्यावर, हे माझं ठरलेलं. एकदा त्याची गाडी डोंगरात उलटली आणि नुसत्या खरचटण्यावर निभावलं, तेव्हा त्याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःलाच देऊन टाकलं होतं.

गेल्या पंचमीला घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. बाकीचे सगळे शिराळ्याला मिरवणूक बघायला गेलेले. पाटावर गंधाचा नाग काढला, दूध-लाह्या वाहिल्या, पुरणाची दिंडं उकडायला ठेवली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. बरेच दिवस भावाचा फोन आला नव्हता. तो सीमेवर, रेंज असते-नसते, हे कळत होतं, तरी जीव खाली-वर होत होता. मी हात जोडून म्हटलं, नागोबा, एवढं त्याला सांभाळ, मी तुझा एकही नेम मोडणार नाही.

तेवढ्यात परड्यातून सासूबाईंची हाक आली, "आगं ए, हिकडं ये बिगीबिगी! जाळीत नाग आडाकलाय!"

कोंबड्या शिरू नयेत म्हणून भाजीच्या वाफ्याभोवती आम्ही नायलॉनची जाळी लावली होती. तिच्यात तो गुरफटला होता. सुटायला जितकी धडपड करत होता, तितके दोरे त्याच्या अंगात रुतत होते. घरच्यांना फोन लावला तर मिरवणुकीच्या गोंगाटात कुणी उचलेना. आणि त्याच वेळी दारात मोटारसायकल थांबली. वनखात्याची एक तरुण मुलगी, अंगात खाकी, बंदोबस्तासाठी शिराळ्याला निघालेली. प्यायला पाणी मागत होती. आमच्या आडबाजूच्या वस्तीवर अशी वाटसरू आल्याचं मला आठवत नाही. पाणी राहिलं बाजूला, मी तिला हाताला धरून ओढतच परड्यात नेलं.

तिनं गाडीवरची आकड्याची काठी आणली, नागाचं डोकं अलगद दाबून धरलं, दुसऱ्या हातानं अंग सावरलं आणि मागं न बघता म्हणाली, "मावशी, माझे दोन्ही हात अडकलेत. कात्री आणा. दोरे तुम्हालाच कापावे लागतील."

"आज? आज मी कात्री धरत न्हाई, बाई. माझा भाऊ फौजेत हाय."

"फार वेळ नाही, मावशी. दम लागलाय त्याला."

मी दोन पावलं मागं सरले. सासूबाई मात्र कडाडल्या, "सकाळी पाटावरच्या नागाला भाऊ म्हणलीस, आन् हितं खरा तडफडतोय तर त्येला नेम सांगतीस व्हय? आन जा कात्री!"

मी पळाले. माळ्यावरची गाठ सुटेना, दातानं सोडली. पहिला दोरा कापताना डोळे मिटून भावाचं नाव घेतलं, तर ती मुलगी ओरडली, "डोळे उघडा, मावशी!" मग उघडले. एकेक दोरा तुटत गेला आणि काय सांगू, माझी भीतीही कुठं गेली कळलं नाही! इतकी वर्षं गंधानं काढलेला नागोबा माझ्या बोटांखाली होता, गार आणि जिवंत. शेवटचा दोरा तुटला, तिनं त्याला बांधावर नेऊन सोडलं, आणि तो सळसळत उसात गेला. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. ती मुलगी तांब्याभर पाणी प्यायली आणि निघाली. घाईत तिचं नाव विचारायचंच राहिलं.

ती गेल्यावर मात्र भान आलं. नेम तर मोडला होता. मी फोन पुढ्यात घेऊन बसले. दिवस कलायला लागला आणि तो वाजला.

"आक्का, कशी हायस?"

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. पलीकडं तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "आगं आक्का, आज माझी लंगरात ड्यूटी. सकाळधरनं पोतंभर कांदा चिरतोय मी! बोटाला साधं खरचटलं बी न्हाई."

मग मीही हसले. सासूबाई हसल्या. हसता हसता मला हुंदका आला. भावाला माझ्या फडक्यातल्या गाठीनं सांभाळलंय, असं मी समजत होते. सांभाळणारा वेगळाच होता, आणि त्याला माझ्या भीतीची गरज कधी नव्हतीच. पाणी मागायला त्या पोरीला आमच्याच दारात कुणी थांबवलं, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की त्या दिवशी जाळीतून दोघं सुटले, तो नाग आणि मी.

यंदाही मी उपवास धरला, पाटावर नाग काढला, दूध-लाह्या वाहिल्या. पण मागणं काही मागितलं नाही. "हा तुझाच," एवढंच म्हणाले आणि भावाला त्याच्या हवाली केलं. मग माळ्यावरची कात्री उतरवली, तिला हळद-कुंकू लावलं आणि पाटाशेजारी ठेवली.