राजवाड्यातली कवटी

माझ्या धाकट्या भावाला कार्यक्रम करायची खोड आहे. चार माणसं एका जागी उभी दिसली की त्यांच्यापुढे माईक नाही याचं त्याला वाईट वाटतं. आम्ही रत्नागिरीत एकाच इमारतीत राहतो, तो खालच्या मजल्यावर आणि मी वरच्या, त्यामुळे त्याचा प्रत्येक कार्यक्रम जिना चढून माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी दिवाळी संपली, आकाशकंदील अजून उतरवले नव्हते, आणि तो हॅलोविन घेऊन वर आला.

“शाळेत करणारच आहेत ना मुलांचं?” मी विचारलं.

“शाळेत नुसते फोटो काढतात गं ताई. आपण खाली पार्किंगमध्ये नीट करू.”

त्याचं ‘नीट’ मला चांगलं माहीत आहे. गणपतीत त्याने इमारतीची आरती नीट करायची ठरवली तेव्हा मोदक गार झाले तरी त्याचं प्रास्ताविक चालूच होतं. मी त्याला म्हटलं, आपल्याकडे भुतांची टंचाई नाही. इथे एकेका पाणंदीला आणि एकेका चिंचेला आपापलं भूत नेमून दिलेलं आहे, त्यांच्या हद्दीही ठरलेल्या आहेत. बाहेरून मागवायचं कारण काय? त्यावर तो म्हणाला, “तू कॉलेजात मराठी शिकवायचीस म्हणून तुला असं वाटतं.”

त्याने नियम केला की विकतचं काही आणायचं नाही. सगळं घरगुती आणि पर्यावरणपूरक. त्यासाठी तो स्टँडजवळच्या दुकानातून परमनंट मार्करचा भला मोठा डबा घेऊन आला.

माझ्याकडे सांगाडा होणाऱ्या मुलांसाठी बनियनवर बरगड्या काढायचं काम आलं. का, तर माझं अक्षर चांगलं आहे. इमारतीतल्या बापांचे जुने बनियन माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडले आणि मार्करच्या वासाने माझं डोकं भणभणायला लागलं. पहिल्या बनियनवर काढलेल्या छातीच्या बरगड्या पाठीवरही उमटल्या, तेव्हापासून मी आत पुठ्ठा घालायला लागले. हे मी भावाला सांगितलं. तो फोनवर कुणालातरी थीम समजावत होता. त्याने नुसती मान हलवली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, आमच्या बरगड्या जरा मोठ्या काढा हं. आमचा अंगाने भरलेला आहे.”

भुतांचं काम त्याहून अवघड निघालं. पांढरी चादर अंगावर घ्यायची आणि डोळ्यांपाशी दोन भोकं पाडायची, एवढीच त्यातली कारागिरी. पण चांगल्या चादरीला कात्री लावायला एकही बाई तयार होईना. शेवटी सर्वानुमते ठरलं की डोळे मार्करने काढायचे, धुतले की जातील. चादरींना टपोरे, पापण्यांसकट डोळे आले आणि आतल्या मुलांना काही दिसेनासं झालं. कार्यक्रमाच्या दिवशी प्रत्येक भुताला त्याची आई हाताला धरून आणत होती आणि “पायरी आहे हं, पायरी” म्हणत होती. तरी एक भूत उभ्या स्कूटरवर जाऊन आपटलंच. लाल भोपळ्यांचंही तेच. कोरून फुकट घालवायला कुणी दिला नाही. सालीवर दात विचकलेलं तोंड काढून ते तसेच मांडले आणि दुसऱ्या दिवशी साल काढून त्यांचे घारगे झाले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून विसरले असते. पण कार्यक्रमाला मागे बॅकड्रॉप हवा असं भावाच्या मनात आलं, आणि बॅकड्रॉप त्याच्या घरात होता.

तो घरात कसा आला ते सांगायला हवं. आमचं गाव खाडीपलीकडे आहे. तिथल्या देवळात त्रिपुरी पौर्णिमेला उत्सव असतो आणि उत्सवात नाटक. नाटक संगीत, पौराणिक, आणि सगळे नट गावातलेच. त्या नाटकाचे तीन पडदे आहेत: अरण्य, रस्ता आणि राजवाडा. मांजरपाटावर खळीत कालवलेल्या पूड रंगांनी काढलेले, आणि आमच्या कुणाहीपेक्षा वयाने मोठे. पावसाळ्यात ते देवळाच्या माडीवर राहिले की त्यांना बुरशी धरते. म्हणून भावाने उत्सवाच्या बैठकीत उभं राहून जाहीर केलं की पडदे मी शहरात, कोरड्या जागी सांभाळीन. आमचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं आणि जे नाटक बसवतात, ते म्हणाले होते, “शहरातली माणसं सांभाळतात काय आणि विसरतात काय.” पण दिले. त्याच बैठकीत भावाला राजाची भूमिकाही मिळाली. तोवर त्याने फक्त भाला धरला होता. अनेक वर्षं भाला धरून उभा राहिलेला माणूस राजा होतो तेव्हा घरादाराला काय सोसावं लागतं याची कल्पना बाहेरच्यांना येणार नाही. आंघोळ करताना पदं, जेवताना पदं, लिफ्टमध्ये संवाद.

तर हा राजा मला म्हणाला, “राजवाड्याच्या मागच्या बाजूला काढू. मागे कोरंच आहे, फुकट जातंय.”

“बनियनचं सांगितलं ना तुला? शाई आरपार जाते.”

“बनियन पातळ असतो. हे मांजरपाट आहे, ताई. मांजरपाट.”

“दादांना विचार तरी.”

“मागच्या बाजूचं काय विचारायचं त्यांना?”

पार्किंगमध्ये पडदा पालथा अंथरला. इमारतीतल्या मुलांनी वटवाघळं काढली, थडगी काढली. मधली कवटी माझ्या भाचीने, म्हणजे भावाच्या मुलीने काढली. ती आठ वर्षांची आहे आणि अर्धवट काम तिला खपत नाही. कवटी माणसाच्या छातीएवढी रुंद झाली, आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्याकुट्ट दिसायला हव्यात म्हणून तिने गुडघ्यांवर बसून मार्करांमागून मार्कर संपवले. चित्र खरोखर चांगलं होतं. कार्यक्रमात सगळ्यांनी कवटीपुढे उभं राहून फोटो काढले. भावाने भाषण केलं. त्यात ‘जागतिक संस्कृती’ होती.

दुसऱ्या दिवशी त्याने गुंडाळायला म्हणून पडदा उलटा केला आणि मला हाक मारली. हाक अगदी साधी होती, त्यामुळेच मी धावत गेले. राजवाड्याच्या दोन खांबांच्या मधोमध, सिंहासनाच्या वर, कवटी आली होती. जरा फिकट, पण दात मोजता येतील इतकी स्पष्ट. कोपऱ्यात रंगवलेल्या मोराच्या आसपास वटवाघळंही होती, पण ती पुसट होती. जुना डाग म्हणून खपली असती.

भावजयीने करोनाच्या वेळचं सॅनिटायझर आणलं. कवटीच्या एका कडेला घासून बघू म्हणून भावाने कापसाचा बोळा फिरवला. बोळ्याला गुलाबी रंग लागला. राजवाडा निघत होता, कवटी निघत नव्हती. त्याने अजून जोर लावला. खांबाची कड गेली आणि कवटीचा जबडा उठून दिसायला लागला. मग त्याने वरून पोस्टर कलर लावला. तो वाळला, आणि त्याच्यातून खोबणी हळूहळू वर आल्या. तिसरा उपाय करायच्या आत मी त्याच्या हातातून रंगाची वाटी काढून घेतली.

“दादांना फोन कर,” मी म्हटलं.

“नाही.”

“आज ना उद्या दिसणारच आहे.”

“आज सांगितलं तर उद्या राजा दुसरा उभा राहील. गावात म्हणतील, बघा, शहरात दिलेला पडदा. परत भालासुद्धा देणार नाहीत.” तो जमिनीवर बसला होता. “एकदा करू दे मला नाटक. मग काय बोलायचं ते बोलू देत.”

मी त्याच्यापेक्षा बरीच मोठी आहे. त्याचा हट्ट मला लहानपणापासून ओळखता येतो, आणि हा हट्ट नव्हता. मी गप्प बसले. अर्थात, बसले म्हणजे मनातून चडफडत बसले.

पौर्णिमेला आम्ही सगळे गावी गेलो. पडदे त्याने स्वतः चढवले, कुणाला हात लावू दिला नाही. राजवाडा दुसऱ्या अंकात होता आणि तोवर वर गुंडाळलेलाच राहणार होता. हल्ली नाटक संध्याकाळीच सुरू करतात. सगळं गाव देवळासमोर बसलं होतं. मी पुढून दुसऱ्या रांगेत, भाची माझ्यापुढे सतरंजीवर इतर मुलांत. दादा विंगेत नाटकाची वही घेऊन बसले होते. तिथून त्यांना नट दिसत, मागचा पडदा दिसत नसे.

पहिला अंक अरण्यात झाला. त्यात राजाला काम नव्हतं. दुसऱ्या अंकाला दर्शनी पडदा उघडला तेव्हा भाऊ आधीच रंगमंचावर होता, मधोमध, राजवाड्याला पाठ लावून. मुकुट आणि खांद्यावरच्या शेल्यामुळे कवटी पूर्ण झाकली होती. मला त्या क्षणी समजलं की याने काय ठरवलं आहे.

राजाने दाराशी जाऊन ऋषींचं स्वागत करायचं होतं. राजा गेला नाही. दाराशी ऋषी थांबले, खाकरले, आणि शेवटी स्वतःच चालत आले. हे ऋषी एरवी गावात रिक्षा चालवतात. त्यांना वाट बघायची सवय असावी, पण इतकी नाही. राणी रुसून डावीकडे गेली; राजाने तिच्यामागे जायला हवं होतं. त्याने जागेवरूनच मान तिकडे वळवली. राणीचं काम करणारा मुलगा थोडा वेळ तिकडे एकटाच रुसला आणि मग परत आला.

“अरे हल, मेल्या,” विंगेतून दादांचा आवाज आला. तो माईकने उचलला.

लोक हसले. भाऊ हलला नाही. वर्षभर आमच्या घरात फिरत फिरत घोटलेली भूमिका तो आता खांबासारखा उभा राहून म्हणत होता. सगळं विसरल्यासारखा एकाच सुरात म्हणत होता, कारण त्याचं सगळं लक्ष पाठीमागे होतं. मला त्याचा राग येत होता आणि दुसऱ्या कुणी त्याला हसलेलंही सहन होत नव्हतं.

मग वाकून नमस्कार करायची वेळ आली. ऋषींना नमस्कार केल्याशिवाय पुढचं नाटक होत नाही. भाऊ वाकला, आणि त्याच्या पाठीवर कवटी उगवली. तो घाईने सरळ झाला, कवटी मावळली. आशीर्वाद झाल्यावर दुसरा नमस्कार होता. पुन्हा तेच. माझ्या शेजारची म्हातारी पुढे झुकली.

“अगो, काय ते मागे?”

“बुरशी,” मी म्हटलं.

“बुरशीला दात?”

तेवढ्यात सतरंजीवरून भाची उठून उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत आहे.

“बाबा, बाजूला व्हा ना. माझं चित्र दिसत नाहीये.”

पेटीवाला थांबला. कुणीतरी हसलं, आणि मग सगळं देऊळ हसायला लागलं. दादा वही हातात घेऊन विंगेतून अर्धे बाहेर आले आणि त्यांनी पहिल्यांदा मागे वळून पडदा पाहिला. भाऊ मुलीकडे बघत होता. ती वाट बघत होती. तिच्या शेजारी बसलेल्या मुलांना तिने गावात आल्यापासून सांगून ठेवलं होतं की राजवाड्यात तिची कवटी आहे. हे मला नंतर कळलं.

भाऊ बाजूला झाला. नीट चार पावलं डावीकडे गेला, कवटीकडे हात केला, जणू नाटकातच होतं, आणि पेटीवाल्याला मान हलवून खूण केली. मग त्याने अंकाचं शेवटचं पद म्हटलं. फिरून, हात पसरून, राणीपाशी जाऊन, ऋषींच्या पायांपाशी बसून. आमच्या लिफ्टमध्ये त्याने ते इतकं चांगलं कधीच म्हटलं नव्हतं. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. त्या वेळेपर्यंत कवटीकडे मुलांशिवाय कुणी बघतही नव्हतं.

नाटक संपल्यावर दादा रंगमंचावर आले. आम्ही सगळे पडद्यासमोर उभे होतो.

“कोणी काढलं हे?”

“पडदा मी दिला,” भाऊ म्हणाला. मुकुट त्याने हातात धरला होता.

“मी काढलंय,” भाची म्हणाली. “तीन मार्कर लागले, दादाकाका.”

दादांनी खोबणीवर अंगठा घासून पाहिला. अंगठ्याला राजवाड्याचा गुलाबी रंग लागला. तो त्यांनी धोतराला पुसला.

“पडदे यापुढे गावातच राहतील,” ते म्हणाले. “बुरशी परवडली.”

“होय.”

“उद्या सकाळी तिन्ही माडीवर आणून ठेव. तूच.”

“होय दादा.” भाऊ न राहवून म्हणाला, “आणि राजाचं?”

दादांनी चष्मा काढून डोळे चोळले. “राजाचं काय? शेवटचं पद बरं म्हटलंस. त्याआधी राजवाड्याला एक खांब जास्त होता, एवढंच. पुढच्या वर्षी जागा सोडून फिरणार असलास तर ये तालमीला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदे बांबूंना गुंडाळून माडीवर न्यायचे होते. जिना अरुंद, त्यामुळे पुढचं टोक एकाने आणि मागचं दुसऱ्याने धरायला लागतं. भाऊ पुढे होता. पडदे हातचे गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर मी शोधत होते, पण तो पायरीगणिक मागे वळून मला विचारत होता, दादा ‘बरं’ म्हणाले की ‘बरं होतं’ म्हणाले, आणि म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता. मागचं टोक माझ्या खांद्यावर होतं आणि पडद्यातली वर्षानुवर्षांची धूळ माझ्या नाकात जात होती. मी त्याला म्हटलं, आधी वर चढ.