आडनावाचा कॉलम

"तेरा ही सरनेम डाल के देख," साहेब म्हणाले. "टेस्टिंग हो जाएगी."

मी टाकलं. एंटर दाबलं. माझ्या नावापुढे उमटलं, बाथरूम-भांडी.

साहेब हसले. शेजारच्या टेबलावरची फोन घेणारी मुलगी हसली. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

गोंदियातली ती एजन्सी घरकामाला बाया पुरवायची. मी कामठ्याची, बौद्ध मोहल्ल्यातली, बी.कॉम. झालेली. बायांची माहिती कॉम्प्युटरवर भरायची, रिपोर्ट काढायचे, हे माझं काम. आधी नवी बाई आली की साहेब स्वतः विचारायचे, "कौन लोग हो?" मग ठरायचं, हिला स्वयंपाकघरात पाठवायचं की भांडी घासायला. गिऱ्हाइकालाच तसं लागतं, म्हणायचे. पुढे त्यांना वाटलं, रोज तोंडावर विचारणं बरं दिसत नाही. म्हणून नवा कॉलम. आडनाव यादीत असेल तर बाथरूम-भांडी, नसेल तर किचन. फॉर्म्युला एकदा लिहिला की खालच्या सगळ्या ओळी आपोआप भरतात. कोणालाच तोंड विटाळावं लागत नाही.

आणि यादी? "तू ही बना. तेरे लोग तुझे मालूम."

बनवली. त्यात मामाचं आडनाव घातलं, आत्याच्या सासरचं घातलं, शाळेतल्या मैत्रिणीचं घातलं. एक आडनाव आमच्यातही निघालं आणि वरच्या जातीतही. तेव्हा मीच शहाणपणा केला. म्हटलं, सर, पत्त्यातला मोहल्लाही तपासून घेऊ. साहेब शाब्बास म्हणाले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा मी. पण नोकरी सोडून जाणार कुठे? घरी आई येईल त्याला सांगायची, पोरगी ऑफिसात आहे.

मग एक दिवस दवनीवाड्याची एक बाई थेट माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, मले काऊन भांड्यालेच पाठवून राहिले? मी शाळेत पंधरा वर्सं खिचडी रांधली. शंभर पोरं जेवत होते."

"कॉम्प्युटरच तसं देते, मावशी."

"अन् कॉम्प्युटरले कोनं सांगतलं?"

ती चपला घालून निघून गेली. स्क्रीनवर तिची ओळ उघडीच होती. अनुभवाच्या रकान्यात पंधरा, मीच भरलेले. फॉर्म्युला त्या रकान्याकडे पाहतच नव्हता, कारण मी त्याला पाहायला सांगितलंच नव्हतं. मला स्वतःची किळस आली.

मी फॉर्म्युला खोडला. आडनाव काढलं. मोहल्ला काढला. बाईचा अनुभव आणि तिची स्वतःची पसंती, एवढंच ठेवलं.

दुपारपर्यंत गिऱ्हाइकांची बोंब झाली.

"किसने बदला?"

"मी."

"पहले जैसा कर दे."

साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. एवढीशी केबिन. पुढे टेबल, मागे ते. उठायलाही जागा नाही.

"नहीं किया तो एक्सपीरियन्स लेटर नहीं मिलेगा. इस शहर में कौन रखेगा तुझे?"

खरंच होतं. अजून कोणी ठेवलेलं नाही.

"मी लिहिणार नाही," मी म्हटलं. "ज्याला लिहायचं त्यानं आपल्या हातानं लिहावं."

साहेबांना ते येत नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी दुसरी मुलगी आणली. तिनं मुकाट्यानं लिहून दिलं. म्हणजे कॉलम परत तोच, भांडी घासणाऱ्या बायाही त्याच. मी घरी. आई आता कोणाला काही सांगत नाही.

उद्या मी दवनीवाड्याला जाणार आहे. त्या मावशीला सांगणार आहे, कॉम्प्युटरला सांगणारी मी होते. ती शिव्या देईल, खाली बसून ऐकून घेईन. मग पुढच्या बाईच्या दारात जाईन. यादी मीच बनवलेली आहे, बायांचे पत्तेही मीच भरलेले, एकेक आडनाव, एकेक मोहल्ला मला पाठ आहे. एकही दार सोडणार नाही.