तुरीतून आलेला आवाज

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. ही गोष्ट मी पुण्यात अजून कोणालाच सांगितलेली नाही, आणि गावात कोणाला सांगायची गरजच उरलेली नाही.

मी मुळातच दचकणारी. कुकरची शिट्टी होणार हे मला माहीत असतं, तरी ती झाली की हातातलं काहीतरी पडतंच. होस्टेलवर माझी रूममेट खोलीत शिरण्याआधी मुद्दाम खोकते. अशी मी डिसेंबरच्या सुट्टीत घरी गेले. आणि घर कुठे? तर आर्वीकडे, रोहण्याच्या अलीकडच्या खेड्यात, जिथे गावाची शेवटची भिंत संपली की लगेच तुरी सुरू होतात. या दिवसांत तुरी म्हणजे माणसापेक्षा उंच. आत हत्ती उभा असला तरी दिसायचा नाही.

पोचले त्याच संध्याकाळी आईने चहा टाकला आणि म्हणाली, "वावरात जाय अन् तुया बाबाले बोलावून आण. डुकरायनं चना उकरून टाकला, तेच पाहाले गेले असन."

डुकरायनं, म्हणजे रानडुकरांनी. हे आईने इतक्या सहज सांगितलं, जणू शेजारच्या काकू येऊन गेल्या. मी म्हटलं, फोन कर ना. तर बाबांचा फोन घरातच चार्जिंगला लावलेला.

गेले मग. तोंडाला स्कार्फ गुंडाळला, कारण थंडी होती. मोबाईलचा टॉर्चही लावला, कारण अंधार नव्हता, पण पडला असता तर? पांदणीत, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर, एक होला फडफडला तेव्हा मी पहिली किंचाळी मारली. ती सोडून द्या, ती मोजायची नाही.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय ठेवला आणि तुरीतून बाबांचा आवाज आला.

"आला रे आला! धावा रे! हाट्! हाट्!"

मी ओरडून विचारलं, बाबा, काय झालं? आतून उत्तर, "सोडू नका रे! हाट्!" आणि मग खोकला. बाबांनी बिडी सोडली, पण बिडीचा खोकला काही त्यांना सोडत नाही, तोच. म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

मी म्हटलं, बाबा, झाडावर चढा. तुरीत चढायला झाड कुठलं? पण अशा वेळी जे सुचेल ते खरं.

तर आतून बाबा म्हणाले, "निघ! निघ इथून! मागं पाहू नको!"

मला रडूच फुटलं. हा माणूस फोनवर माझ्याशी "आईले देतो" याच्यापलीकडे बोलत नाही. परीक्षेचा निकाल सांगितला तर "बरं" म्हणतो. आणि आज समोर डुक्कर अंगावर आलेलं असताना त्याला काळजी कोणाची? पोरीची! मी तुम्हाला सोडून जाणार नाही, असं मी हुंदके देत सांगायला लागले, तेवढ्यात बाबांचा आवाजच बदलला. आधी जाड झाला. मग लांबायला लागला. "आ... ला... रे... आ..."

आणि बंद.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

मी किंचाळले. आणि किंचाळत गावाकडे पळत सुटले. पिठाच्या गिरणीसमोर माणसं बसली होती, ती उठली. कोणी काठी घेतली, कोणी कुऱ्हाड. एकाने हातात फवारणीचा पंप घेतला. त्याने डुकराचं नेमकं काय केलं असतं कोण जाणे. आमच्या धुऱ्याला लागून ज्यांचं वावर आहे त्या धनराजकाकांनी ट्रॅक्टर काढला. काय आहे, असं त्यांनी विचारलं, मी डुक्कर म्हटलं. केवढं, म्हणाले. मी हात इतके पसरले की त्यांनी मागच्यांना सांगितलं, वाघ आहे. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगितलं, वाघीण आहे, पिल्लांसकट. पांदण संपेपर्यंत निम्मा गाव पाठीशी होता.

धुऱ्यावर सगळे थांबले. तुरीत एक पान हलेना. धनराजकाकांनी हाक मारली, "ओ सुधाकरभाऊ, आवाज द्या." काही नाही. पुढे व्हा, असं प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत होता.

एवढ्यात माझ्या बाजूला एक माणूस धापा टाकत येऊन उभा राहिला. हातात काठी, गळ्यात टॉवेल, अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस. त्याने मला हळूच विचारलं, "कोण सापडलं वं वाघाले?"

"माझे बाबा," मी म्हटलं.

त्याने कळवळून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको बाई. काढू आपण त्याले बाहेर." मग जरा वाकून त्याने स्कार्फमधून माझं तोंड पाहिलं. फेस गालावरून गळ्यावर ओघळला. "पण पोरी, तुया बाबा म्हणजे मीच होय ना वं?"

सलूनमध्ये बसले होते हो. अर्धी दाढी झालेली, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की वाघाच्या तावडीत माणूस सापडला. टॉवेलासकट उठले आणि स्वतःला वाचवायला पळत आले!

मग उलगडा झाला. डुकरांना हुसकायला वावरात भोंगे लावतात, ते आता सगळ्यांकडेच आहेत, पण त्यात कुत्र्याचं भुंकणं भरलेलं असतं. बाबांचं मत पडलं की डुकरं कुत्र्याला ओळखायला लागली आहेत, माणूस पाहिजे. म्हणून सकाळी आर्वीहून नवा भोंगा आणला आणि वावरात एकटेच उभे राहून आपला आवाज भरला. लाजेखातर आईलाही सांगितलं नाही. बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करायची राहिली.

धनराजकाकांनी काठीवर रेलून विचारलं, "सगळं ठीक हाय भाऊ, पण डुकराले 'मागं पाहू नको' काऊन म्हटलं?"

बाबा म्हणाले, "पाह्यलं तर वापस येते ना बे."

लोक हसत परतले असते, संपलं असतं. पण धनराजकाका म्हणाले की त्यांनी ट्रॅक्टरवरून डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या चन्यातला डुकरांचा आख्खा कळप नाल्यापलीकडे पळत होता. बाबांचा भोंगा सुरू होता तोवर तो तिथेच चरत राहिला असणार. पळाला तो माझ्या किंचाळण्याने.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर नव्या औषधाकडे बघतो तसे.

दुसऱ्या दिवशी अंगणात बाबा भोंगा घेऊन समोर बसले. तसंच ओरड, म्हणाले. हुकमावर कसं ओरडणार? मी "आ" केलं, घसा दाखवतात तसं. बाबांनी मान हलवली. यानं तर चिमणी नाही उडणार, म्हणाले. तेवढ्यात आईने मागून येऊन फरशीवर परात टाकली. भरलं. एका दमात भरलं. धनराजकाका संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन आले. मग त्यांचे मेहुणे आले. मग मी बाहेर पडायचंच सोडलं.

सुट्टी संपली. सकाळच्या पहिल्या एसटीने आर्वीला निघाले. धुकं होतं, खिडकी अर्धी उघडी. आमच्या गावाची वावरं मागे पडली, पुढच्या गावाची आली, आणि धुक्यातून एका बाईचा जीवघेणा आक्रोश ऐकू आला. गाडीत कोणी मानही वळवली नाही. काय ही माणसं? मी उभी राहून ओरडले, "गाडी थांबवा! कोणीतरी बाई संकटात आहे!"

कंडक्टरने शांतपणे तिकिटाचं मशीन काखेत धरलं.

"बसा ताई. काही नाई झालं तिले. ते सुधाकरभाऊची पोरगी होय. पुण्याले शिकते. लय घाबरते म्हणते बिचारी."

मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला आणि आर्वीचं एक तिकीट मागितलं.